आईचं पाचोडचं नाव

उन्हाळा लागला की आमच्या घराची गच्ची आईच्या ताब्यात जायची. गुलमंडीच्या मागच्या बोळात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. स्वयंपाकघर एवढंसं, की दोघींनी एकदम वळायची सोय नव्हती, पण वरची गच्ची मात्र ऐसपैस होती. खालच्या बोळातून दिवसभर सायकलींच्या घंट्या, बर्फवाल्याचं ओरडणं, कापडवाल्यांचं गज मोजत मोजत भांडणं असं काहीबाही वर येत राहायचं, आणि आई त्या सगळ्याकडे पाठ करून पापड, सांडगे, कुरडया घालत बसायची. कुरडयांचा दिवस म्हणजे घरात लग्नच. भिजवलेल्या गव्हाचा चीक उजाडायच्या आत चुलीवर चढायचा, आई पदर खोचून तो हाटायची, आणि हाटता हाटता माझ्यावर ओरडायची, कारण मी वाटी घेऊन समोर बसलेली असायचे. गरम चीक, त्यात दूध आणि साखर. ओरडायची आणि पहिला पळा माझ्याच वाटीत घालायची. मी एकुलती एक, त्यामुळे तिचं ओरडणं आणि तिचा चीक दोन्हींत वाटेकरी नव्हता. मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती आणि निकालाची वाट बघणं हाच माझा उद्योग होता.

त्या दिवशीही मी खाली वाटी चाटत बसले होते. आई वर जुनं लुगडं पसरत होती. बोळाच्या बाजूला गच्चीला कठडा नव्हता. लुगड्याची सुरकुती काढत ती मागं मागं सरकत गेली असणार. मला फक्त आवाज ऐकू आला, आणि वाटलं, दुकानदारानं गोणी टाकली. मी आणखी एक घास खाल्लासुद्धा. मग बोळातून कुणीतरी किंचाळलं आणि मी वाटी हातात तशीच घेऊन दारात आले.

पुढचं सगळं तुटक आठवतं. टांग्यात आईचं डोकं माझ्या मांडीवर, त्याला गुंडाळलेला शेजारच्यांचा टॉवेल, आणि दुकानातून धावत आलेले माझे वडील, मी त्यांना अण्णा म्हणायचे, टांग्याच्या मागं पळत येताहेत. अण्णा कापडाच्या दुकानात नोकरीला होते. खांद्यावर तेव्हाही मोजायची पट्टी होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कवटीच्या आत रक्त साकळलंय, लगेच काढावं लागेल. आम्ही मान हलवली. काय काढणार आणि कुठून, ते दोघांनाही कळलं नव्हतं. आजकाल डोक्याला टेंगूळ आलं तरी यंत्रात घालून आतला फोटो काढतात आणि तो घरच्यांना समजावून सांगतात. तेव्हा डॉक्टर बोलायचे आणि आपण हात जोडायचे, एवढीच समजूत.

तिला बाहेर आणलं तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते. गळ्यातलं मंगळसूत्र आणि हातातल्या बांगड्या नर्सनं रुमालात बांधून अण्णांच्या हातात दिल्या. अण्णा त्या बोडक्या डोक्याकडे बघत राहिले. त्या काळी बाईचं डोकं असं कधी करत, ते मला सांगायची गरज नव्हती. "मी जिता आहे की अजून," अण्णा नर्सला म्हणाले. अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि बँडेजवरून तिच्या डोक्यावर पांघरला. ऊन तापलेलं, पंखा कुरकुरत फिरणारा, पण तो पंचा कुणाला काढू दिला नाही त्यांनी.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेपुरतंच आत येऊ देत. त्यामुळे अण्णा व्हरांड्यात आणि मी आत, असा आमचा संसार मांडला गेला. शेजारच्या खाटेवर अजिंठ्याची एक म्हातारी मांडीचं हाड मोडून पडली होती, आणि तिची सून शाकिराआपा तिच्या उशाशी असायची. आपा उंच, मोठ्या आवाजाची, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तिचं एक मत असायचं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात स्टोव्हवर ती चहा करायची आणि पहिला कप मला आणून द्यायची. घरून अण्णा भाकरी आणि पिठलं करून आणत. पिठल्यात गुठळ्या असत आणि भाकरीला आकार नसे. आपा डब्यात डोकावून बघायची आणि म्हणायची, "तेरे अब्बा दुकानच संभालें तो अच्छा." मग आपल्या डब्यातली रोटी माझ्या पुढ्यात टाकायची. अण्णांना तिनं हे कधी ऐकू येऊ दिलं नाही.

आई डोळे उघडायला लागली, पाणी गिळायला लागली, मग पुटपुटायला लागली. डॉक्टर रोज सकाळी येत. पुण्याकडचे होते, अगदी छापील मराठी बोलायचे. खाटेशी वाकून विचारायचे, "बाई, तुमच्या यजमानांचं नाव काय?" आई गप्प. डॉक्टर पुन्हा विचारत. आई मान वळवून घेई. डॉक्टरांच्या कपाळाला आठी, आणि इकडे अख्ख्या वॉर्डातल्या बायकांच्या चेहऱ्यावर समाधान. "डॉक्टरसाहेब, बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेईल का असं उघड्यावर?" एक जण म्हणाली. मीही पळत व्हरांड्यात गेले आणि अण्णांना सांगितलं, की आई लाजतेय, म्हणजे तिला सगळं आठवतंय. अण्णांना एवढं बरं वाटलं, की कोपऱ्यावरच्या हॉटेलातून माझ्यासाठी भजी घेऊन आले. आम्ही सगळे मिळून तिच्या गप्प राहण्याला मर्यादा समजलो. लाजायला आधी नवरा आठवावा लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिचं स्वतःचं नाव विचारलं, की ती बोलायची. पण म्हणायची, "कौसा." आमच्या आईचं नाव विमल. डॉक्टर हळूच दुरुस्त करायचे, "विमल. विमलबाई. म्हणा बघू." ती त्यांच्याकडे अशी बघायची, की दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत. "कौसा," पुन्हा म्हणायची. नर्स विमल म्हणून हाक मारायची तेव्हा पापणी हलायची नाही. मी अण्णांना विचारलं, ही कौसा कोण? अण्णांनी बराच विचार केला. "असंल पाचोडची कुणी मैत्रीण," ते म्हणाले. डॉक्टर मात्र चिंतेत पडले. स्वतःचं नावच न सांगता येणं ही चांगली खूण नव्हे, असं त्यांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवशी अण्णांनी स्वतःचा डबा उघडलाच नाही.

मग पाचोडहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ. पडली त्या आठवड्यात येऊन गेला होता, पण तेव्हा ती बेशुद्ध होती, आणि शेतीची कामं टाकून त्याला राहता येईना. आता आला तो नेमका सकाळी, डॉक्टर प्रश्न विचारत असताना. "नाव काय तुमचं?" "कौसा." डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, आणि मामा मागून मोठ्यांदा म्हणाला, "मग बरूबर सांगती की! कौसाच हाय ती. कौसल्या. इमल तर दाजींनी ठेवलं, लग्नात."

मी मामाच्या तोंडाकडे बघत राहिले. मामा तिला अक्का म्हणायचा, गावातली माणसंही अक्काच म्हणायची, आजी-आजोबा मला कळायच्या आत गेलेले. तिला कौसा म्हणणारं कुणी माझ्या कानांच्या टप्प्यात उरलंच नव्हतं. लग्नात नवरा मुलगा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितो, हे मी इतरांच्या लग्नात टाळ्या वाजवत बघितलं होतं. जुन्या नावाचं पुढं काय होतं, हे मनात कधी आलं नव्हतं. शाकिराआपा तर उभीच राहिली. "नामच बदल देते तुम लोगां?" ती म्हणाली. "या अल्ला! तो बिचारी सच्ची बोल रई थी, और तुम सब मिलके उसकू झूठी ठहरा रए थे!" डॉक्टर ओशाळं हसले. व्हरांड्यात अण्णांना सांगितलं तेव्हा ते खिशातला मंगळसूत्राचा रुमाल चाचपत राहिले. "आमच्या लग्नाला कुठं पत्रिका होती," ते म्हणाले. "रझाकारांची धामधूम. गडबडीत उरकलं सगळं. एकदा ऐकलं असंल मी ते नाव."

आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं. नाव बरोबर निघालं, म्हणजे बाकीचंही बरोबर निघणार. आणि तसंच झालं, हीच पंचाईत. डॉक्टर आता तिला कौसल्या म्हणून हाक मारू लागले आणि ती भराभर उत्तरं देऊ लागली. गाव कोणतं? पाचोड. घरी कोण कोण? आई, दादा, धाकटा भाऊ. लग्न झालंय का? "नाय अजून," ती म्हणाली आणि खाली बघितलं. "बघाय येणारेत." मामाला ती दादा म्हणायला लागली, म्हणजे वडील. मामाच्या मिशा आजोबांसारख्या होत्या म्हणे. मामा तोंड फिरवून रडला. बाहेर जीपचा आवाज आला, की रझाकार आले समजून ती मला दिवा विझवायला सांगायची, भर दुपारी. आपा तिच्या खाटेवर येऊन बसायची, पाठीवरून हात फिरवायची, "कोई नै आता अब, सो जा." आणि आई तिचा हात धरून पडून राहायची. मला ती ताई म्हणायची. मी सांगेन ते ऐकायची, मी भरवेन ते खायची, आणि बाजारातली गोडीशेव मागायची. एकदा दोन्ही हात समोर धरून मला म्हणाली, "ताई, माझे हात असे कशानं झाले गं? आईच्या हातावानी दिसतेत." साबणानं, म्हटलं.

ती खोटं एक अक्षर बोलत नव्हती. तिच्या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या, फक्त त्यांत मी नव्हते. सोळा वर्षांच्या मुलीनं हे कसं घ्यावं? मला राग यायचा. दिवसभर जिची अंघोळ, कपडे, औषधं करायची, ती पाचोडची कुणीतरी पोरगी, आणि माझी आई कुठं गेली ते विचारायला जागा नाही. अण्णा आत आले की ती चादर तोंडावर ओढून घ्यायची. परक्या पुरुषासमोर उपवर मुलगी बसत नाही. अण्णा दारातूनच डबा माझ्या हातात द्यायचे आणि मागं फिरायचे.

घरी सोडायचे दिवस जवळ आले तेव्हा मामानं विषय काढला. "मी अक्काला पाचोडला नेतो. तिथं तिला सगळं वळखीचं. इथं तुमच्या घरात ती चादरीखालीच बसंल." डॉक्टरही म्हणाले, ओळखीच्या जागेचा उपयोग होतो. किती दिवस, ते त्यांना सांगता येईना. जी बायको आपल्याला बघून तोंड झाकते, तिला माझ्या घरी चल असं अण्णा कुठल्या तोंडानं म्हणणार? मी पाचोडला गेले तर अण्णा एकटे, आणि न जावं तर आई गेली. रात्री अंथरुणावर मी दोन्ही बाजूंनी भांडायचे, आणि दोन्हीकडून हरायचे.

दुसऱ्या दिवशी अण्णा भेटीच्या वेळी आले ते धुतलेलं धोतर, कडक टोपी अशा वेशात. शेवटचं विचारून बघू, एवढंच त्यांच्या मनात असणार. हातात गोडीशेवेचा पुडा होता आणि मागून मामा. आईनं दोघांना दारात बघितलं, टोपी बघितली, पुडा बघितला, आणि चादर तोंडावर घेण्याऐवजी ती झटकन उठून बसली. पंच्याचाच पदर सारखा केला, मला खूण करून खाटेवरची सुरकुती काढायला लावली, पाय आत ओढून घेतले आणि नजर खाली लावली. मला एक क्षणभर काही उमजेना. मग कळलं. बघायला यायचे होते ते पाहुणे आले होते.

मामा गोंधळला. पण गावचा माणूस, अशा बैठकीत काय करायचं ते त्याच्या अंगवळणी पडलेलं. अण्णांना त्यानं स्टुलावर बसवलं आणि घसा खाकरून म्हणाला, "पोरी, नाव सांग पाव्हण्यांला." आईनं आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं खणखणीत सांगितलं. अण्णांनी काहीतरी विचारायला हवं होतं. वॉर्डातल्या सगळ्या बायका उशांवरून माना उंच करून बघत होत्या. शाकिराआपानं न सांगता चहाचे कप आणले. अण्णांनी बराच वेळ टोपी नीट केली. "स्वयंपाक येतो का?" शेवटी त्यांनी विचारलं. "येतो," आई म्हणाली. "कुरडया येतेत. पण चीक हाटताना आई लागती जोडीला." अण्णांनी चहा तसाच खाली ठेवला. ते उठले आणि गोडीशेव खाटेच्या कडेला ठेवून बाहेर गेले. मी मागं गेले तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. "मी गेलोच नव्हतो तेव्हा बघायला," ते म्हणाले. "आमचे काका जाऊन आले होते. आज बघितलं मी तिला."

हे सगळं मी कुणाला सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो. मीही हसते आता. पुढं आईला बरंच काही आठवलं, ओळीनं नाही, मध्ये मध्ये गाळून. लग्नातला हंडा आठवला, अण्णांची पहिली सायकल आठवली. माझा जन्म मात्र तिला शेवटपर्यंत आठवला नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता वाचूनही कळत नाही.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मामा पाचोडच्या एसटीची चौकशी करून आला. परवा निघायचं ठरवलं. तो आणि अण्णा व्हरांड्यात बोलत होते आणि मी आत आईला शेव भरवत होते. ती बराच वेळ माझं तोंड न्याहाळत होती. "ताई, कालच्या पाव्हण्याची तू कोण गं? पोरगी ना? नाक तसंच हाय." मी मान हलवली. "मला वाटलंच. लई थोराड दिसतो त्यो. बिजवर हाय व्हय?" तिनं आवाज खाली आणला. "तुझी आई कवा गेली?"

"गेली नाही," मी म्हणाले. "आजारी आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला ते खोटं वाटलं असणार. पोरीला आई गेल्याचं बोलवत नाही, असंच समजली ती. तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. आदल्या दिवशी राग करत मी ज्या बोटांची नखं कापली होती, त्याच बोटांनी ती माझ्या केसांतला गुंता सोडवायला लागली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर नुकते कुठं बोटाच्या पेराएवढे केस आले होते. मी जे रडले, ते ती पडल्या दिवसापासून रडले नव्हते. आई, आई असंच म्हणत होते, आणि तिला वाटत होतं मी माझ्या मेलेल्या आईला हाका मारतेय. "रडू नगं," ती म्हणत होती. "मी सावत्रपणा नाय करायची. मला लई माया हाय. तू किती केलंस माझं इथं, मला काय कळत नाय व्हय?"

मी शांत झाल्यावर तिनं पंच्याच्या टोकानं माझं तोंड पुसलं. "दादा उद्या-परवा मला गावाकडं नेणारेत म्हणतेत," ती म्हणाली. "जा, सांग त्यांना. पाव्हणा थोराड हाय, पर पोरगी चांगली हाय. मी व्हय म्हणती म्हणावं."

मी व्हरांड्यात गेले. मामा अण्णांना बसची वेळ सांगत होता. मी दोघांच्या मधे उभी राहिले आणि म्हणाले, "मामा, आईनं दादांना सांगायला सांगितलंय. ती व्हय म्हणतेय."

मामा बोलता बोलता थांबला. अण्णांना काही उलगडा होईना. "कशाला व्हय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला," मी म्हणाले. "आपल्या घरी यायला. माझ्यासाठी."

अण्णा दवाखान्याच्या पायरीवर खाली बसले. मामानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला केला नाही.

"आमचं ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलंच नव्हतं," अण्णा म्हणाले.